तिसऱ्या सीडीनंतर दुसरी

कळसाडी, ता. शहादा
६ जानेवारी २०२५

श्रीमती मंगलाबाईंना गिरधर पाटलाचा रामराम.

विहीणबाई, पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण माझ्या उजव्या कानाने दिवाळीपासून संप पुकारलाय आणि डावा त्याला आतून सामील आहे. फोनवर मी एवढा ओरडतो की लग्नाची बोलणी आधी आमच्या गल्लीला कळतात, मग तुम्हाला. म्हणून हे पत्र जामसिंगच्या हाती देतोय. त्याचा केळीचा टेम्पो दर आठवड्याला रनाळ्यावरून जातो. उत्तर त्याच्याकडेच द्या. चहा दिलात तर लवकर पोहोचवतो.

आमची भूमिका आणि तुमचा हेमकांत यांचं लग्न सोळा फेब्रुवारीला. मांडव ठरला, बँड ठरला, आचारी ठरला. आता एकच गोष्ट राहिली, आणि तीच खरी महत्त्वाची. आमच्या गावात मुलीचं लग्न असलं की हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या खळ्यात पडदा बांधून ‘घागर राहिली नदीवर’ हा जुना सिनेमा दाखवतात. नवरदेवाकडच्या पाच सवाष्णी पहिल्या रांगेत बसवायच्या, त्यांना नारळ द्यायचे, सिनेमा बघायचा, आणि मगच दुसऱ्या दिवशी नवरीला हळद लावायची. पंचवीस वर्षं हे चाललंय. तुम्ही म्हणाल, यात देवधर्म कुठला? नाही. पण आता मोडवत नाही.

सिनेमा तर असा आहे की मी तो साठेक वेळा पाहिला असेन आणि अजून प्रत्येक वेळी हिरो दौलत नदीत उडी टाकतो तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठतो. हल्ली असले सिनेमे निघत नाहीत. हल्लीचे हिरो पोहायला येतंय की नाही ते बघून उडी टाकतात.

तरी चौदा तारखेला दुपारी पाच सवाष्णी घेऊन यावं. जेवण आमच्याकडे.

आपला,
गिरधर


रनाळे, ता. नंदुरबार
१० जानेवारी २०२५

गिरधरभाऊंना नमस्कार.

जामसिंगला चहा दिला. त्याने दोन घेतले.

मी तीस वर्षं मराठी शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळलाय, तेव्हा फिरवून बोलायची सवय नाही. ‘घागर राहिली नदीवर’ मीही पाहिलाय. सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत, जमिनीवर बसून. त्या सिनेमाच्या शेवटी दौलत पुरात बुडून मरतो. तुळसा काठावर बसून राहते, घागर तिच्या बाजूला, आणि वर ‘समाप्त’ अशी पाटी येते.

आणि हा सिनेमा तुम्ही माझ्या मुलाच्या लग्नाआधी दाखवणार? नवरदेव मेलेला बघून मग नवरीला हळद लावणार? तुमच्या गावात शहाणं कोणी आहे की नाही?

दुसरा कुठलाही सिनेमा लावा. नाही तर कीर्तन ठेवा. हा नको.

मंगला पाटील


कळसाडी
१३ जानेवारी २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसलो. अहो, तुम्ही तंबूतून मध्येच उठून आलात की काय! जिलेबीच्या दुकानात गर्दी होण्याआधी जाऊ, असं मनात आलं असेल. दौलत बुडतो हे खरं. पण नंतर तो परत येतो ना! तोच तर सिनेमा आहे!

तुळसा देवीला नवस बोलते, खणाची ओटी भरते, आणि थोड्याच वेळात दौलत मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसून हजर! कपड्याला पाण्याचा थेंब नाही! मग दोघांचं वाजतगाजत लग्न, पंगत, बँड, आणि शेवटी तुळसा दारावरचं माप ओलांडते. आमच्या बायका तिथे पडद्यावर तांदूळ टाकतात. गुलाबबाई, म्हणजे आमच्या गावातल्या सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या जाणकार, त्यांनी एकदा एवढे तांदूळ टाकले की दुसऱ्या दिवशी खळ्यात कोंबड्यांची यात्रा भरली होती.

मान्य आहे, काही गोष्टी जरा डोक्यावरून जातात. बुडण्याआधी दौलत-तुळसाला तान्हं मूल असतं आणि लग्न त्यानंतर लागतं. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटेल. पण ते मूल तुळसाच्या जावेचं आहे, असं आमच्याकडे फार पूर्वीच ठरलंय. तसंच त्यांचा बैल पुरानंतर एकदम वासरू होतो. गुलाबबाई म्हणतात, तो दुसरा. देवीने नवरा परत दिला, तिला एक वासरू द्यायला काय जड आहे?

आणि हा सिनेमा टाळायची हिंमत गावात एकदाच एका घराने केली होती. लग्नानंतर आठवड्यात जावयाचा ट्रॅक्टर पाटचारीत गेला. जावई वर, ट्रॅक्टर खाली. तेव्हापासून कोणी नाव घेत नाही.

पाच सवाष्णींसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या मांडतोय.

गिरधर


रनाळे
१७ जानेवारी २०२५

गिरधरभाऊ,

तुमचं पत्र वाचून मी आधी डोक्याला हात लावला, मग एक प्रश्न सुचला. तुम्ही हा सिनेमा सीडीवर बघता ना? जुन्या सिनेमांच्या तीन-तीन सीड्या यायच्या. तुमच्या सीड्यांवर नंबर आहेत का? नसतील. पुसले असतील. पंचवीस वर्षं तुमचं गाव पहिली लावतं, मग तिसरी लावतं, आणि दुसरी शेवटी लावतं!

नीट वाचा. पहिली सीडी: दौलत आणि तुळसाची ओळख. दुसरी: नवस, लग्न, माप ओलांडणं. तिसरी: संसार, मूल, वासराचा झालेला बैल, पूर, आणि दौलतचा मृत्यू. मूल त्यांचंच आहे. जावेच्या माथी मारू नका बिचारीच्या. देवीने कोणाला परत पाठवलेलं नाही. एकानंतर दोन येतात, दोनानंतर तीन. हे मी आठ वर्षांच्या मुलांना शिकवलंय, अख्ख्या गावाला शिकवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आता ऐका. सरळ लावा की उलटा, त्या सिनेमात दौलत मरतो, आणि तो माझ्या मुलाच्या लग्नात मरायला नको आहे. तुम्ही पडदा बांधलात तर आमची वरात रनाळ्याची शीव ओलांडणार नाही. हे मी विचार करून लिहितेय.

मंगला पाटील


कळसाडी
२५ जानेवारी २०२५

विहीणबाई,

आठवडाभर पत्र आलं नाही म्हणून तुम्ही समजला असाल की गिरधर गप्प बसला. मी गप्प बसलो नव्हतो, मला बोलू देत नव्हते.

तुमची पुतणी रूपाली हिने तो सिनेमा मोबाईलवर शोधून आमच्या ललितला पाठवला. ललित म्हणजे भूमिकाचा भाऊ. त्याने तो मोठ्या टीव्हीला जोडला, आणि रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर गाव जमलं. काय सांगू! सगळं तुम्ही लिहिलंत तस्संच. मधेच लग्न, मग संसार, मग पूर, आणि शेवटी घागर आणि पाटी. नवलसिंग, ज्याच्याकडे गावातला एकमेव चालू सीडी प्लेयर आहे आणि जो तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतो, तो तर पाणी मागायला लागला. पंचवीस वर्षं त्यानेच सीड्या लावल्यात.

शेवटी गुलाबबाई उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, “मोबाईलवर काय बी दावतस. आम्हनी सीडी खरी शे. पंचवीस वरीस दखी ऱ्हायनू मी.” म्हणजे पंचवीस वर्षं बघितलेली आमची सीडीच खरी. झालं. गावाला हायसं वाटलं. मोबाईलवाल्यांनी सिनेमा चुकीचा जोडलाय असा ठराव झाला, आणि सगळे चहा पिऊन गेले.

मी मात्र अडकलोय. मला तुमचं पटलंय, पण ते इथे बोललो तर मला पंगतीत कोणी भाजी वाढणार नाही. सिनेमा रद्द करू का, असं घरात हळूच विचारलं. माझं हळू म्हणजे तुम्हाला माहीत आहे. शांतीबाई, आमच्या सौभाग्यवती, चुलीपुढून उठल्याही नाहीत. “सिनेमा नई, तं हयद नई,” एवढंच म्हणाल्या आणि भाकरी उलटली. हळदच लागली नाही तर लग्न कसलं! म्हणजे पडदा बांधला तर वरात नाही, न बांधला तर नवरी नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा बहिरा बाप.

भूमिकाला परवा मांडवाच्या रंगाचं विचारलं तर म्हणाली, “बाबा, मांडव होईल का ते आधी सांगा,” आणि आत गेली. तेव्हापासून मला जेवण जात नाही. खरंच जात नाही. काल फक्त चार भाकरी खाल्ल्या.

मुलगी देणाऱ्याने वाकायचं असतं, म्हणून वाकून विनंती करतो. एकदा या. आमच्या पद्धतीने बघा. बघून तुम्ही नाही म्हणालात तर मी स्वतः पडदा फाडेन आणि सांगेन की उंदराने फाडला.

गिरधर


रनाळे
२ फेब्रुवारी २०२५

गिरधरभाऊ,

तुमच्या चार भाकरींबद्दल वाईट वाटलं.

परवा हेमकांत जवळ येऊन बसला. म्हणाला, “आई, तुला नको असेल तर लग्न पुढे ढकलू. पण खरं कारण सांग.” त्याला नाही सांगितलं. तुम्हाला सांगते, कारण एक तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दुसरं, तुमच्यासारखा सिनेमावेडा मी आयुष्यात आणखी एकच पाहिला.

तो म्हणजे आमचे हे, दोधू पाटील. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत यांनी मला तो सिनेमा दाखवायला नेलं. मी नवी नवरी, शिकलेली, जरा ताठ्यात. शेवटी दौलत बुडाला आणि शेजारी बघते तर हे हमसाहमशी रडतायत. एवढा सहा फुटी माणूस! आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, अहो, सिनेमा आहे, तो माणूस घरी जाऊन जेवला असेल. तर म्हणाले, “त्यान्हं सोड. तिन्हं आते कसं व्हई?” मेलेल्याची नाही, काठावरच्या तुळसाचं आता कसं होणार याची काळजी!

नंतर जिथे जिथे तो लागला तिथे तिथे मला घेऊन गेले, आणि दर वेळी तिथेच रडले, तेच म्हणाले. मी दर वर्षी हसायचे. सहा वर्षांपूर्वी हे गेले. घरातले सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तिन्हं आते कसं व्हई. तेव्हापासून त्या सिनेमाचं नाव मला सहन होत नाही. शुभ-अशुभ सगळं मागून लावलेलं. मला तो बघवत नाही, एवढंच खरं.

पण माझ्यासाठी मुलांची हळद थांबायला नको. बांधा पडदा. वरात येईल. चौदाला पाच सवाष्णी पाठवते. मी येणार नाही. तसंही तुमच्या पहिल्या रांगेत माझी जागा नाही.

मंगला


कळसाडी
४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र मी शांतीबाईंना वाचून दाखवलं. मोठ्याने नाही, मळ्यात नेऊन. केळीशिवाय कोणी ऐकलेलं नाही.

त्यांनी डोळे पुसले आणि निरोप दिलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहितो: “पहिली रांगमा मधली खुर्ची मंगलाबाईनी शे. सवाष्ण कोण ते सिनेमा सरना का दखसूत.” म्हणजे सवाष्ण कोण ते सिनेमा संपल्यावर बघू.

सवाष्णी पाच आणायच्या आहेत, आणि सहाव्या तुम्ही. आला नाहीत तर जामसिंगला टेम्पो घेऊन पाठवतोय, आणि तुमच्या दारात तो किती चहा पिईल याची जबाबदारी माझी नाही.

गिरधर


कळसाडी
३ मार्च २०२५

विहीणबाई,

वरातीमागून घोडं म्हणतात तसं हे पत्र. लग्न होऊन पंधरवडा उलटला, पण आचारी, मांडववाला आणि जावई यांच्यातून आज मोकळा झालो. भूमिका तुमच्याकडे रमली असं फोनवर म्हणाली. निदान ललितने मला तसं सांगितलं.

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या रात्री एकसष्टाव्यांदा सिनेमा लागला, पण मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी तुमच्याकडे बघत होतो. पूर आला तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून मान खाली घातलीत. मला वाटलं, गिरध्या, पाप केलंस. तेवढ्यात नवलसिंगने प्लेयरला नेहमीची थप्पड मारून पुढची सीडी लावली. बँड वाजला. दौलत घोड्यावर आला. शांतीबाईंनी तुमचा हात धरून हलवला तेव्हा तुम्ही वर बघितलंत.

विहीणबाई, तीस वर्षं एक-दोन-तीन शिकवलेली बाई खुर्चीतून उठून उभी राहिली हो! तुमच्यामागे अख्खी बायकांची बाजू उभी. गुलाबबाईंनी तुमच्या मुठीत तांदूळ कोंबले आणि तुम्ही ते असे फेकलेत की दौलतच्या नाकालाच लागले. मग तुम्ही रडत होता की हसत होता ते मला कळलं नाही, माझा चष्मा तेव्हा धुरकटला होता. आमच्या बायकांनी तुम्हाला सहावा नारळ दिला तो मात्र मी नीट पाहिला.

आता संकट सांगतो. सीड्या हरवल्या आहेत! तिन्ही! अख्खं खळं झाडलं, कडब्याची गंजी उलथी केली. आमच्या गल्लीतल्या फुलीबाईंच्या लेकीचं लग्न वीस तारखेवर आलंय. आचाऱ्यावर संशय घेतला, तो भांडून गेला. बँडवाल्यांवर घेतला, ते वाजवून गेले. नवलसिंग रिकामा प्लेयर मांडीवर घेऊन बसलाय. मोबाईलवरचा लावू म्हटलं, तर फुलीबाई म्हणतात, त्यात तो शेवटी मरतो, माझ्या जावयाला काही झालं तर कोण जबाबदार?

तुमच्याकडच्या बायकांच्या सामानात चुकून आल्या असतील तर बघा. गाव अडलंय.

गिरधर


रनाळे
७ मार्च २०२५

गिरधरभाऊ,

आचाऱ्याची माफी मागा. सीड्या मी आणल्या. चुकून नाही, लाडवांच्या डब्यात लपवून आणल्या. शिक्षिकेने चोरी केली म्हणून गावात सांगायचं असेल तर सांगा, तुम्ही हळू सांगितलंत तरी चालेल.

इथे प्लेयर नव्हता, तर हेमकांतने नंदुरबारहून कुठून तरी जुना शोधून आणला. मी आणि तुमची भूमिका रोज दुपारी बघतो. पहिली, मग तिसरी, मग दुसरी. तिसरी लागली की ती माझा हात धरते. गुणी आहे पोरगी. तांदूळ मात्र तिला फेकता येत नाहीत, शिकवतेय.

एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे ती सांगते. त्या दिवशी दौलत घोड्यावरून आला तेव्हा मला आधी आनंद झाला नाही. मला यांचा राग आला. एवढ्या यात्रा हिंडले, एवढे तंबू पालथे घातले, आणि तुमच्या गावाकडे कधी फिरकले नाहीत! नुसते तिथेच रडून घरी यायचे. त्यांना कोणी सांगितलंच नाही की यापुढे आणखी एक सीडी आहे.

जामसिंगच्या हाती सीड्या परत पाठवतेय. फुलीबाईंना म्हणावं, निर्धास्त लग्न करा. नवलसिंगला पुन्हा कधी पाणी मागायची वेळ येऊ नये, म्हणून तिन्हींवर पक्क्या काळ्या शाईने ठळक नंबर घातले आहेत. ओळखीची सीडी एक. पुराची सीडी दोन. लग्नाची सीडी तीन.

कोणी शंका काढलीच तर सांगा, मंगलाबाईंनी स्वतः तपासून दिलंय.

मंगला